तोंडवलीचा बिनतारी चोर

१

चोरी झाली होती यात शंका नव्हती. पंचाईत एवढीच की काय चोरीला गेलं ते कोणाला दाखवता येत नव्हतं.

"मावशी, चोर पकडूचो आसा," किशोरी फोनवर हळू आवाजात म्हणाली. "पोलिसांक सांगलंय तर ते हसतले."

"काय नेल्यान चोरान?"

"सिग्नल. वायफायचो."

मी हसले नाही. मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी गेली. ऑपरेटर म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्याच्या तारेला आकडा टाकून मुंबईला फुकट गजाली मारणारे महाभाग मी पकडलेत, त्यातल्या एकाला तर नुसत्या खोकल्यावरून ओळखलं. तेव्हा तार असो की नसो, राधाबाईच्या हातून चोर सुटत नाही, हे मी माझ्याच तोंडाने सांगते. दुसरं कोणी सांगेल याची वाट बघण्याइतका धीर मला नाही.

किशोरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, शेवंतीची सून. मूळची दोडामार्गची, काजूच्या बागायतीतली. लग्नाआधी रोज बसने पणजीला एका कंपनीत जायची. परदेशातले डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून ठेवतात ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून परत पाठवायचं, असं तिचं काम. रविराजशी लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, काम सोडणार नाही. रविराजनेही एकच घातली, बापाची होडी सोडणार नाही. दोघांनी मिळून तोडगा काढला. तोंडवलीच्या घरी फोनच्या वायरीवरून इंटरनेट घेतलं, ते बिनतारी घरभर पसरवणारा राउटर आणला, आणि परसात किशोरीसाठी एक खोली बांधली. ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. तेव्हा आख्ख्या वाडीत असा राउटर एकच होता.

पावसाळाभर काम झकास चाललं. दिवाळी उलटली आणि रोज कधीतरी लॅपटॉपवरच्या सिग्नलच्या काड्या एकदम खाली जायला लागल्या. अर्धा रिपोर्ट गेलेला, अर्धा अडकलेला.

"शुक्रवारी मोठा काम येतला," किशोरी सांगत होती. "अकराक इला की बारापर्यंत परत जावक व्हया. ह्या खेपेक चुकला तर पणजीत येऊन बसा, नायतर राजीनामा द्या, असा सायबान सांगल्यान."

"आणि रवी काय म्हणता?"

"तो म्हणता, तू गेलंस तर मी पण येतलंय." ती आणखी हळू बोलू लागली. "मावशी, नानांनी मिठबावच्या एका गिऱ्हायकाक होडी बघूक बोलावल्यानी."

नाना म्हणजे तिचे सासरे. एकुलता एक झील रवी गोव्याला गेल्यावर म्हाताऱ्याने एकट्याने होडी हाकायची कशी? मी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

२

मंगळवारी तोंडवलीत पोचले ती माडांमधून चालत थेट परसात गेले. घराची ठेवण सांगून ठेवते. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, पडवीच्या मागे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण. खळ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, एकाच छपराखाली दोन खोल्या. एक जाळी-टोपल्या ठेवायचा मांगर आणि त्याला लागून किशोरीची खोली. भिंती जाड चिऱ्याच्या. किशोरीच्या खोलीचं दार बाजूला माडांकडे, आणि एकुलती एक खिडकी खळ्याकडे, मांगराच्या दाराला खेटून. मांगराच्या दारावर नवा पत्रा मारला होता. तो उन्हात असा चमकत होता की डोळ्यांवर हात धरूनच मला खळं ओलांडावं लागलं.

किशोरी आत दिवा लावून बसली होती. भर सकाळी.

"खिडकी लावून कित्याक बसलंस गो? लायट फुकट येता?"

ती ओशाळली. "मासळी इली की वास येता, मावशी. आमच्याकडे डोंगरात ह्याची सवय नाय. कोणाक सांगा नकात. बरा दिसाचा नाय."

खिडकीची झडप साधी लाकडी होती. मी मान डोलावली आणि मुद्द्यावर आले. "कधी जाता सिग्नल?"

"वेळ ठरलेली नाय. काल घावणे खाताना गेलो. आज तुमी येवच्या जरा आधी गेलो, आत्ताच परत इलो. मागच्या आठवड्यात एकदा संध्याकाळी. तासभर तसोच ऱ्हवता, मग आपणहून येता."

"वीज जाता?"

"वीज आसता. राउटराचे दिवे पण पेटलेले आसतत."

म्हणजे यंत्र जिवंत, वायर धड, आणि माल गायब. मग संशयित माणसंच. पहिला संशयित शोधायला लांब जावं लागलं नाही. कुंपणापलीकडे नितेशची पर्यटकांसाठीची कॉटेजं होती, तीही दिवाळीलाच सुरू झालेली. त्यातल्या एकाच्या पायरीवर कोल्हापूरचा एक पाहुणा मांडीवर लॅपटॉप घेऊन निवांत पिक्चर उतरवून घेत होता.

"नितेश," मी कुंपणावरून हाक मारली, "ह्या पावण्याक नेट खंयसून मिळता?"

नितेश पंचविशीतला, गोड बोलणारा. तो हसला. "वाऱ्यार येता, मावशी. आमी नुसता धरतंव. वारो काय कोणाच्या बापाचो?"

"वारो नाय, पण राउटर माझ्या बहिणीच्या झिलाचो आसा. विचारूक तोंड नव्हता?"

"कुलूपच नाय तर चोरी कसली?" तो म्हणाला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. राउटरला पासवर्डच नव्हता. घराला कडी नाही आणि शेजाऱ्याला शिव्या, असला प्रकार. मी तिथल्या तिथे पासवर्ड घातला आणि तो शेवंतीला मुद्दाम सांगितला नाही, कारण तिला सांगितलेलं बाजारात आधी पोचतं. लगेच फरक पडला. ज्या फायलीला चहा होईस्तोवर वेळ लागायचा ती आता चुटकीसरशी जायला लागली. शेवंतीने नितेशशी बोलणं टाकलं, किशोरीने माझे हात धरले, आणि मी रात्री पोटभर सोलकढी पिऊन निश्चिंत झोपले.

बुधवारी घावणे खाऊन झाले, शेवंती नारळ वाटायला बसली, आणि परसातून किशोरीची हाक आली.

"मावशी! गेलो!"

नितेश पहाटेच पाहुण्यांना घेऊन मालवणला गेला होता. कॉटेजांना कुलूप होतं.

३

चूक मान्य करायला मला आवडत नाही, पण हिशेब कुठे चुकला ते मला लगेच दिसलं. नितेशचे पाहुणे वेग खात होते. वेग म्हणजे नळाला पाणी किती जोरात येतं ते. पण किशोरीच्या काड्या खाली जायच्या त्या वेगामुळे नव्हेत. तिच्या खोलीपर्यंत सिग्नल पोचतच नव्हता. घागर भरायला उशीर लागणं वेगळं आणि नळच कोरडा पडणं वेगळं. एक चोर सापडला होता, दुसरा मोकळा होता.

मी माजघरात गेले. राउटर फ्रिजवर होता. उजवीकडे तांब्याचा मोठा हंडा, डावीकडे स्टीलच्या डब्यांची उतरंड, वर विणलेला रुमाल, आणि कपाळावर, म्हणजे दिव्यांच्या वर, हळदकुंकू.

"शेवंती, ह्या काय?"

"दसऱ्याक होडयेक, जाळ्यांक, कोयतेक सगळ्यांक पुजलंव. सुनेच्या अवजाराक नको?"

"आणि हंडो?"

"दिवाळीत घासून हंयच ठेवलंय. शोभता." मग तिने पदर खोचला. "माझ्यावर संशय घेऊ नको हां, ताई. मी तेका हात लावणंय नाय. दिवे बघलंय तरी माका भिया वाटता."

हिच्यावर संशय घ्यावा तर हिला सुनेच्या पगाराचा कोण अभिमान. वाडीत कोणाची सून घरात बसून परदेशाचं काम करते? पण भक्तीने का होईना, तिने राउटरला भांड्यांच्या तुरुंगात घातलं होतं. सिग्नल लाकडातून जातो, कापडातून जातो, चिऱ्याच्या भिंतीतून रखडत जातो, पण धातूपुढे त्याचं काही चालत नाही. आदळतो आणि मागे फिरतो. मी राउटर तिथून काढला आणि मागच्या पडवीतल्या खिडकीत, उंच फळीवर, किशोरीच्या खिडकीच्या अगदी समोर बसवला. मध्ये फक्त मोकळं खळं. त्या दिवशी दुपारी किशोरीच्या खोलीत प्रथमच सगळ्या काड्या उभ्या राहिल्या.

जेवताना नाना म्हणाले, "तिका इचार, आता बरा चलता मां?"

नाना सुनेशी थेट बोलत नाहीत. पानावर ती समोर वाढत असली तरी निरोप शेवंतीमार्फत. आमच्याकडचे जुने सासरे असेच. किशोरीही मान खाली घालून शेवंतीलाच म्हणाली, "बरा चलता, सांगा तेंका."

नानांचा चेहरा जरासा सैल झाला. मला वाईट वाटलं ते त्या चेहऱ्याकडे बघून. हा माणूस घासागणिक हिशेब करत होता, सून राहणार की जाणार.

गुरुवारी सकाळ शांत गेली. न्याहारी झाली, आंघोळी झाल्या, नारळ वाटूनसुद्धा झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत किशोरीच्या खोलीत बसले होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत काड्या कोसळल्या.

मी लॅपटॉप उचलला आणि तशीच दारातून बाहेर, वळसा घालून खळ्यात आले. खळ्यात सिग्नल भरभरून होता. पडवीत होता. पुन्हा खोलीत नेला, मेला. म्हणजे चोर राउटरमध्ये नव्हता आणि लॅपटॉपमध्येही नव्हता. चोर वाटेत होता, त्या दहा-बारा पावलांच्या खळ्यात.

मी खळ्यावर नजर फिरवली. नाना उघड्या मांगरात जाळं ओढत होते. शेवंती मासळी निवडायला पाट घेऊन बसत होती. कोंबड्या होत्या. आणि डोक्यावर टोपली घेऊन, खाडीकडून वळसा घालून, रविराज येत होता.

माझ्या मागे किशोरी उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

४

"मावशी, एक गोष्ट मी सांगूक नाय," खोलीत शिरल्यावर किशोरी म्हणाली. "सिग्नल जाता तेव्हा रवी घरात आसता."

"दरवेळी?"

"दरवेळी. तो समुद्रात आसता तवसर सगळा बरा. तो इलो की जाता. मी किती दिवस बघतंय." तिने डोळे पुसले. "आणि परवा तेच्या खिशात गोव्याच्या एका बोटींच्या कंपनीचो कागद गावलो. नोकरीचो. माका एका शब्दान सांगूक नाय तेना. तेकाच गोव्याक जावचा आसात तर? होडी सोडतंय म्हणान बापाशीक सांगूची हिंमत नाय, म्हणान माझ्या कामावर ढकलता आसात तर?"

आता हे प्रकरण सिग्नलचं राहिलं नव्हतं. लग्नाला वर्ष न झालेल्या पोरीने नवऱ्याकडे चोर म्हणून बघावं, याहून वाईट काय? शुक्रवारचं काम हुकलं असतं तर नोकरी गेली असती, होडी गेली असती. पण हा संशय तसाच राहिला असता तर घरच गेलं असतं.

रविराजला मी खाडीच्या काठावर गाठलं. तो होडीत बसून पाणी उपसत होता. मी आडवळणं घेत नाही.

"गोव्याचो कागद कसलो?"

त्याचा हात थांबला. "किशोरीन सांगल्यान?"

"कोणी सांगल्यान ता सोड. तुका जावचा आसा?"

"माका?" तो असा हसला की मला त्याच्या लहानपणचा चेहरा आठवला. "मावशी, मी होडयेर नसलंय तर माका झोप येणा नाय. पण ती रोज रडता. माझ्यासाठी दोडामार्ग सोडून, पणजी सोडून हंय इली. तिचा काम गेला तर मी काय तोंडान तिका सांगू, हंय रव म्हणान? म्हणान नोकरी इचारून ठेवलंय. तिका सांगलंय नाय, कारण ती माझ्यासाठी स्वतःचा काम सोडून देयत. तशी आसा ती."

मी त्याचा आवाज ऐकत होते. इतकी वर्षं हेडफोन लावून माणसं ऐकलीत मी. खोटं बोलणारा आधी शब्द जुळवतो. या पोराचे शब्द एकमेकांवर धडपडत होते. तो खरं बोलत होता.

पण मग किशोरीही खरंच सांगत होती. तो येतो तेव्हा सिग्नल जातो.

"रवी, तू येतंस ती वेळ रोज बदलता?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी मालवणची नसून मराठवाड्यातली आहे. "खाडीच्या तोंडार वाळू साचली आसा, मावशी. भरतीचा पाणी चढल्याबिगर होडी भायर पडणा नाय, आत येणा नाय. भरती रोज सरकता, तसो मी सरकतंय. उद्या अवस. उद्या जेवणाच्या जरा आधी येतलंय."

मी काठावर बसले आणि दिवस मोजले.

सोमवारी घावणे खाताना. मंगळवारी मी येण्याच्या जरा आधी. बुधवारी नारळ वाटताना. गुरुवारी नारळ वाटून झाल्यावर. रोज थोडा थोडा उशीर. असा नियमाने उशीर करणारा माणूस सरकारी खात्यातसुद्धा मी पाहिला नाही. असा उशीर फक्त चंद्र करतो. माझा बाप तिथी बघून भरती सांगायचा, मी त्याच्या मांडीवर बसून ते शिकले, आणि तीन दिवस घड्याळाकडे बघत चोर शोधत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

५

पण भरती काय खळ्यात येत नाही. पाणी खाडीत चढतं आणि सिग्नल पडवीतून खोलीत जातो, दोघांची गाठ पडायचं कारण नाही. भरतीबरोबर खळ्यात जे येतं ते बघायला हवं होतं.

मी तिथेच बसून एकेक संशयित उभा केला. भरतीला रवी येतो. पण रवी चालता-फिरता आहे, टोपली टाकून विहिरीवर जातो, तरी सिग्नल तासभर मेलेलाच. रवी सुटला. भरतीला शेवंती पाट घेऊन बसते, पण खाली जमिनीवर, आणि सिग्नल जातो तो तिच्या डोक्यावरून. शेवंती सुटली. मासळीच्या टोपल्या, ओली जाळी मांगरात जातात, वाटेत राहत नाहीत. त्याही सुटल्या.

मग राहिलं काय? जे भरतीला हलतं, खिडकीसमोर येऊन थांबतं, आणि मासळीचं काम आटोपलं की परत जागेवर जातं. जे दिवाळीनंतरच चोर झालं आणि आधी नव्हतं. जे मी पहिल्या दिवशी पाहिलं, डोळ्यांवर हात धरून.

चोर मला कळला होता. का, ते कळलं नव्हतं. आणि ते विचारायला मला धीर होत नव्हता, कारण ज्याच्या हाताने हे होत होतं त्याचंच यात सगळं बुडणार होतं.

६

शुक्रवारी, अमावास्येला, दहाच्या सुमाराला मी सगळ्यांना खळ्यात बोलावलं. रवी समुद्रात होता. नितेशला मी मुद्दाम हाक मारली, कारण शेवंती त्याच्याशी बोलत नव्हती आणि ते मिटायला हवं होतं.

"अवसेच्या दिवशी कसलो गो नाटक, ताई?" शेवंती कुरकुरली.

"गप रव. किशोरी, तू आत बस. खिडकी लावून, रोज बसतंस तशी. काड्या बघ आणि माका ओरडून सांग. नाना, तुमी रवी इल्यावर मांगराचा दार जसा उघडतास, तसाच आता उघडा."

नाना गोंधळले, पण त्यांनी कोयंडा काढला. दार बाहेर उघडलं, पूर्ण वळलं, आणि किशोरीच्या खिडकीवर जाऊन टेकलं. नानांनी ते खाली दगड लावून पक्कं केलं. नवा पत्रा झडपेवर चपखल बसला.

"गेलो!" आतून आवाज आला.

"लावा, नाना."

दार बंद झालं.

"इलो!"

"परत उघडा."

"गेलो! मावशी, काय करतास तुमी भायर?"

नितेशने कपाळावर हात मारला. शेवंती पत्र्याकडे बघत राहिली. मी सगळं समजावलं. चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल जेमतेम शिरतो, म्हणून किशोरीच्या खोलीला खरी वाट एकच, ती खिडकी. लाकडी झडपेतून तो जातो, म्हणून ती बंद असली तरी बिघडत नव्हतं. पत्र्यातून जात नाही. भरतीला होडी येते, दार उघडतं, वाट बंद होते. आतून झडप लावलेली, दिवा पेटलेला, त्यामुळे बाहेर पत्रा आला हे किशोरीला दिसायचं कारण नव्हतं. आणि मांगराचं दार उघडं आहे यात बघण्यासारखं काय, म्हणून बाहेरच्यांनाही दिसलं नाही. रवी येतो म्हणून सिग्नल जात नव्हता. दोघं एकाच पाण्यावर चालत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही, आणि संन्यासी दोन होते, एक कुंपणापलीकडचा आणि एक होडीतला.

हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्याने बोलले. किशोरी केव्हाच बाहेर आली होती. तिने ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"पण नाना," मी विचारलं, "दार अर्धा उघडला तरी टोपली जाता. खिडकेर नेऊन दगड लावन कित्याक ठेवतास?"

नानांनी पत्र्यावर हात ठेवला. बोलले ते शेवंतीकडे बघून.

"मासळी इली की ती खिडकी लावन घेयत. माका कळला, वास येता तिका. सून ती, माझ्याकडे येऊन कशी सांगतली? झडपेच्या फटीतसून वास जाताच. दिवाळीत मांगर दुरुस्त करताना एक पत्रो उरलो, तो दाराक मारलंय. म्हटलंय, मासळी निवडून होयसर दार खिडकेर लावन ठेवलंय तर आत वास जावचो नाय. बसात बापडी सुखान." त्यांनी दाराखालच्या दगडाकडे बघितलं. "म्हणजे मीच घालवत होतंय तिका. माझ्या हातान."

मला हुंदका आवरला नाही, आणि तो मी आवरायचा प्रयत्नही केला नाही. चोर पकडल्याचा आनंद मला आयुष्यात नेहमी झाला, त्या दिवशी झाला नाही.

किशोरी पुढे आली. ती शेवंतीकडे वळली नाही. थेट नानांसमोर उभी राहिली.

"नाना, माका सांगलात कित्याक नाय?"

"तू सांगलंस?" नानाही थेट म्हणाले, आणि म्हणून गेल्यावर दचकले.

तिला हसू आलं, रडताना येतं तसं. तिने दाराखालचा दगड पायाने बाजूला केला, दार लावलं, आत गेली आणि खिडकीची झडप सताड उघडली.

अकराला पणजीहून काम आलं. पाठोपाठ खाडीत पाणी चढलं आणि रवीची होडी आत आली. नानांनी मांगराचं दार माणूस जाईल एवढंच किलकिलं केलं. बांगड्याच्या टोपल्या त्या उघड्या खिडकीखालून गेल्या, वास आत भरला, किशोरीने नाक मुरडलं आणि बोटं थांबवली नाहीत. रवीने टोपली उतरवत खिडकीतून तिच्याकडे बघितलं. तिने हेडफोन जरा बाजूला केला.

"गोव्याचो कागद फाडून टाक," ती म्हणाली. "आणि रात्री माका तुझी माफी मागूची आसा. कित्याक ता तेव्हा सांगतंय."

तो काही न समजून माझ्याकडे बघू लागला. मी बांगडे मोजायचं निमित्त केलं. शेवंतीने त्यातले चांगले निवडून नितेशच्या हातात दिले, तेही त्याच्याशी बोलून.

बारा वाजायच्या आत सगळे रिपोर्ट गेले. साहेबांचा मोबाइलवर फोन आला, शाबासकी दिली, आणि असं काम असेल तर पणजीत मोठी जागा देतो म्हणाले. किशोरीने त्यांना शुद्ध मराठीत सांगितलं, "सर, मला इथूनच करायचंय." सगळं घर कान देऊन उभं होतं.

तेवढ्यात माजघरातला फोन वाजला. मिठबावचं गिऱ्हाईक होतं. होडी बघायला संध्याकाळी निघू का, असं विचारत होतं.

"नको, येव नकात," नाना म्हणाले. "होडी इकूची नाय." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. नानांनी ऐकून घेतलं, खिडकीतून खळ्यापलीकडे बघितलं आणि फोनवर गरज नसताना मोठ्याने सांगितलं, "नाय हो, किंमत कमी पडली म्हणान नाय. माझ्या सुनेक हंयच रवूचा आसा."